भिंतीवरचा बिनतोंडाचा माणूस

(डहाणू येथें शिक्षक व विद्यार्थी यांच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



चित्रकलेवर चार शब्द बोलण्यासाठीं आपण मला उभें केलें आहे; परंतु आरंभींच एक गोष्ट कबूल करून मोकळा होतों. मी चित्रकार नाहीं. चित्रशाळेची पायरी मी कधीं चढलों नाहीं. तरी पण चित्र पाहण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. वेद वाचण्याचा अधिकार अमक्यालाच आहे असें सांगणारे जसे एके काळीं होते, तसे चित्राचा अर्थ अमक्यानेंच सांगावा असें मानणारे आजही शहरांत आहेत. त्यांचा मक्ता आपण कबूल करण्याचें कारण नाहीं. शिवाय ज्या चित्राविषयीं मी बोलणार आहें तें कोठल्या परमुलखांतलें नव्हे. तें डहाणू-तलासरीच्या कुडाच्या भिंतीवरचें आहे. येथें बसलेल्यांपैकीं कितीएकांच्या आजीनें तें काढलें असेल.

प्रथम तें चित्र डोळ्यांपुढें आणा. एक त्रिकोण उलटा, त्याच्याखालीं एक त्रिकोण सुलटा. दोघांचीं टोकें कमरेशीं जुळलेलीं. वर वाटोळें डोकें. हातपाय म्हणजे चार काड्या. डोळे नाहींत, नाक नाहीं, तोंड नाहीं. शेणामातीनें आणि गेरूनें सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी हाच कुंचला. एवढ्या सामानांत माणूस उभा राहतो, नांगर धरतो, लावणी करतो, ताडावर चढतो, पाण्यांत जाळें टाकतो, आणि तारपा वाजूं लागला म्हणजे एकमेकांच्या कमरेंत हात घालून फेर धरतो.

हा माणूस फार दूरवर जाऊन आला आहे. त्याला जगापुढें नेलें तें जिव्या सोमा म्हसे यांनीं. त्यांचा जन्म १९३४ सालचा, तलासरी तालुक्यांतील धामणगांवचा. पुढचें आयुष्य गेलें तें डहाणू तालुक्यांतील गंजाड येथें. लहानपणीं आई वारल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि धुळींत रेघा ओढून आपलें मनोगत सांगूं लागला, असें त्यांचें चरित्र सांगणारे सांगतात. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुळकर्णी नांवाचे चित्रकार हस्तकलेच्या सरकारी कामानिमित्त या भागांत आले. त्यांनीं भिंतीवरचें चित्र पाहिलें आणि काढणाराच्या हातीं कागद दिला. कुळकर्णी हें आडनांव ऐकून येथें कोणी नाक मुरडूं नये. ज्यानें जें केलें तें त्याच्या खात्यांत जमा करणें हाच सत्यशोधकाचा हिशेब होय. पुढें म्हसे यांस १९७६ सालीं राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ सालीं त्यांचीं चित्रें पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनांत लागलीं. २०११ सालीं ते पद्मश्री झाले आणि १५ मे २०१८ रोजीं निवर्तले.

आतां प्रश्न असा, कीं हा बिनतोंडाचा माणूस आहे तरी कोण?

पहिलें उत्तर बाजाराचें आहे. चहाच्या पेल्यावर, साडीच्या पदरावर, हॉटेलाच्या भिंतीवर हा माणूस नाचतो, आणि खालीं लिहिलेलें असतें कीं, वारली हा निसर्गाच्या कुशींत राहणारा, भोळा, आनंदी, चिंता नसलेला प्राणी आहे. चिंता नसलेला! ज्याच्या बापाला मालकाच्या वाड्यावर बोलावणें आलें कीं घरांत चूल पेटत नसे, त्याला चिंता नव्हती म्हणे. ब्रिटिश सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनीं मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी करून जो अहवाल दिला, तो १९३९ सालीं छापून निघाला. त्यांत वेठ आणि मारहाण यांची नोंद आहे. तो अहवाल कोणा चळवळ्याचा नव्हता, सरकारचाच होता. तेव्हां पेल्यावरचें हें पहिलें उत्तर चहाबरोबर पिऊन टाकावें आणि पुढें जावें.

दुसरें उत्तर विद्वानांचें आहे. ते म्हणतात, हा त्रिकोण पहा, ही रेषा पहा. युरोपांतील नव्या चित्रकारांनीं जें मोठ्या सायासानें साधलें तें या आदिवासीनें सहज साधलें. ही स्तुति ऐकून आपली छाती फुगते. पण तिच्यांतली मेख पहा. १९०७ सालीं पॅरिसमध्यें पाब्लो पिकासो यानें स्त्रियांचें एक चित्र काढलें. त्यांतले कांहीं चेहरे आफ्रिकेच्या मुखवट्यांसारखे आहेत. पुढें पिकासोला जग आधुनिक म्हणूं लागलें. परंतु ज्या आफ्रिकी कारागिराच्या हातचा मुखवटा संग्रहालयांत ठेवला होता, त्याचें नांव कोणीं विचारलें नाहीं. त्याला म्हटलें आदिम. म्हणजे घेणारा आधुनिक आणि ज्याचें घेतलें तो आदिम! बंधूंनो, हा न्याय आपल्या ओळखीचा नाहीं काय? पिकविणारा अडाणी आणि कोठारावर बसणारा शहाणा, हाच तो जुना न्याय. शेतांत चाले तोच प्रदर्शनांत चालला.

म्हसे यांनीं कागद घेतला, त्यावर जन्मभर स्वतःची अशी रेषा ओढली. मासळीचें एवढें मोठें जाळें काढलें कीं पाहणाराची नजर त्यांत अडकून राहावी. त्या चित्राला आदिम कां म्हणावें? तीं चित्रें आपल्या हयातींतलीं आहेत. तीं काढणारा एक विशिष्ट माणूस होता, त्याला नांव होतें, सातबाऱ्याची काळजी करणाऱ्या लोकांत तो राहत होता. तो आधुनिकच होता. मुंबईंत १९४७ सालीं सूझा, रझा, हुसेन, आरा इत्यादि तरुणांनीं प्रगतिशील चित्रकारांचा संघ काढला आणि माणसाचा आकार मोडून नवा केला. त्यांतले आरा हे घरगडी म्हणून राबून चित्रकार झाले. त्यांची चित्रें पाहतांना आपण त्यांच्या काळाचा विचार करतों. मग गंजाडच्या माणसाची आकृति पाहतांनाच काळ, कर्ज, मालक आणि मजुरी हीं बाहेर कां ठेवावींत?

म्हणून तिसरें उत्तर आपलें आपणच शोधलें पाहिजे. त्यासाठीं विद्वत्ता नको. चार साधे प्रश्न पुरेत. हें चित्र कोणीं काढलें? कशानें काढलें? कोणत्या प्रसंगीं काढलें? आणि तो प्रसंग कोणाच्या पैशानें झाला?

कोणीं काढलें? बायांनीं. लग्नाच्या वेळीं घरांतल्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहीत. चौकाच्या मधोमध पालघट देवी. चौक झाल्यावांचून लग्न लागत नसे. आणि लग्न लावी ती धवलेरी, म्हणजे बाईच. ती गाणीं म्हणे, देवांना बोलावी, वधूवरांना एकत्र करी. सत्यशोधक बंधूंनो, येथें जरा थांबा. जोतीराव फुले यांनीं २४ सप्टेंबर १८७३ रोजीं पुण्यास समाज स्थापिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटावांचून पहिलें लग्न लावलें, तेव्हां केवढें काहूर उठलें! आणि इकडे डोंगराच्या पायथ्याशीं, कोणास न विचारतां, भटावांचून आणि पोथीवांचून लग्नें लागत होतीं. पुरोहिताच्या जागीं स्त्री होती, आणि पोथीच्या जागीं हें चित्र होतें. मग मागासलेला कोण, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. ज्या माणसाला आपण आज शोभेचा म्हणतों तो मुळांत शोभेसाठीं काढलेला नव्हता. तो लग्नाचा दस्तऐवज होता.

कशानें काढलें? तांदळाच्या पिठानें. ही पांढरी रेघ किती मोलाची होती हें पोटानें समजून घ्यावें लागतें. भात पिकवी वारली. पण खळ्यावरून तो जाई मालकाच्या कोठारांत. पावसाळ्यांत घरांत दाणा उरत नसे. मग मालकाकडून खावटी घ्यावी, आणि सुगीला ती दिडीनें वा दुपटीनें फेडावी. घरांत नागलीची आंबील आणि रानांतले कंद. अशा घरांत मूठभर तांदूळ पोटांत न घालतां वाटून भिंतीला दिला जाई. श्रीमंताच्या दारांतली रांगोळी आणि ही रेघ एका भावाच्या नव्हत. हिच्यांत उपास मिसळलेला आहे.

आतां तिसरा आणि चवथा प्रश्न एकदमच घेतों, कारण तेथेंच या चित्राचें मर्म आहे. प्रसंग लग्नाचा; आणि पैसा मालकाचा. लग्नासाठीं वारली तरुण सावकार-जमीनदाराकडून थोडेसे रुपये उचली. ते फिटेपर्यंत त्यानें आणि त्याच्या बायकोनें मालकाकडे राबावें असा करार. हिशेब मालकाच्या वहींत, वही मालकाच्या पेटींत, आणि अंगठा मात्र वारल्याचा. कर्ज कधीं फिटत नसे. नवराबायको दोघेंही जन्माचीं बांधलीं जात. त्याला नांवच पडलें होतें लग्नगडी. मालक कोणत्या एका जातीचे होते असेंही नाहीं. हिंदु होते, पारशी होते, मुसलमानही होते. पोथी वेगळी, वही सारखी.

म्हणजे पहा, ज्या दिवशीं भिंतीवर पालघट देवीचा चौक उठे, तारपा वाजे, पांढरी माणसें फेर धरीत, त्याच दिवशीं त्या घरांतलीं दोन जिवंत माणसें गुलाम होत. एका भिंतीवर लग्नाचें चित्र आणि मालकाच्या वाड्यावर लग्नाचें खातें. एकाच लग्नाचीं हीं दोन कागदपत्रें. आपल्याला पहिलें दाखवतात आणि दुसरें झांकतात. दुसरें पाहिल्यावांचून पहिलें वाचतां येत नाहीं, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आतां पुनः त्या आकृतीकडे वळा. छापील पुस्तिका सांगतात कीं त्रिकोण डोंगरावरून आला, झाडावरून आला. आला असेल, मी भांडत नाहीं. पण मला दिसतें तें असें. दोन त्रिकोण टोंकाशीं जुळविले कीं माणसाला कंबर मिळते, आणि ती कंबर वाटेल तशी वांकते. लावणी करणारी बाई, कापणी करणारा गडी, मुसळ उचलणारी सून, भारा वाहणारा म्हातारा, हीं सारीं माणसें कमरेंतून जगतात. शहरांतला चित्रकार चेहऱ्यापासून माणूस सुरू करतो, कारण त्याच्या जगांत तोंडाला किंमत आहे. वाकून काम करणाराचा चेहरा कोणाला दिसतो? जमिनीला. हें चित्र काढणाऱ्या बाईनें शरीरशास्त्र वाचलें नव्हतें. पण श्रमानें शरीर कोठें मोडतें हें तिला पक्कें ठाऊक होतें. हा अर्थ त्या बाईनें मला सांगितला असें मी म्हणत नाहीं. हा माझा आहे. पटला तर घ्यावा.

आणखी एक गोष्ट. मीं पाहिलेल्या चौकांत देव आहेत, घोडा आहे, झाडें आहेत, मुंग्या आहेत, कोंबड्या आहेत, मालक नाहीं. ज्याच्या नांवानें सारा पाडा कांपे, त्याला त्या भिंतीवर मुंगीएवढीही जागा नाहीं. याला कोणी भोळेपणा म्हणेल. मला ती मोठी हिंमत वाटते. शेत त्याचें, रान त्याचें, भात त्याचा, अंगावरचें कातडेंही त्याचें. पण घरांतली ती एक भिंत त्याची नव्हती. तेथें माणसें एकमेकांचा हात धरून उभीं होतीं.

आणि भिंतीवरचा तो फेर एके दिवशीं खाली उतरला. २३ मे १९४५ रोजीं झरी गांवीं, जें आज तलासरी तालुक्यांत आहे आणि तेव्हां उंबरगांव तालुक्यांत होतें, हजारों वारली किसानसभेच्या सभेस जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हीं दोघें त्यांच्यामध्यें उभीं होतीं. वेठ करणार नाहीं, आणि मजुरी रोख घेतल्यावांचून राबणार नाहीं, असा निर्धार झाला. लग्नगडी मालकांच्या वाड्यांतून बाहेर पडूं लागले. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पांच जण ठार झाले. पुढें गोदावरीबाईंनीं ही सारी हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत लिहून ठेवली. ज्या साली हें घडलें त्या सालीं जिव्या म्हसे अकरा वर्षांचा मुलगा होता. त्यानें या लढ्याचें चित्र काढलें असें सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाहीं. मी एवढेंच म्हणतों कीं, ज्या मुलानें आपली रेषा या मुलखांत शिकली, तो मुलूख त्या वेळीं आपली वांकलेली कंबर सरळ करीत होता.

भगिनींनो, आतां एक कडू गोष्ट आपल्याच घरची. चौक काढीत होत्या बाया. कागद आला, पैसा आला, प्रदर्शनें आलीं, तेव्हां बहुतेक नांवें मात्र पुरुषांचीं झालीं. म्हसे यांचा मोठेपणा मी कमी करीत नाहीं. बाजार येण्याआधीं पुरुषाच्या हातीं ही काडी विरळाच असे, आणि त्यांनीं ती ओढीनें धरली. परंतु ज्या आज्या-मावश्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या हा माणूस जिवंत ठेवला, त्यांतल्या कितीजणींचीं नांवें आपण सांगूं शकतों? भटानें बहुजनांचें नांव पुसलें म्हणून आपण ओरडतों आणि बाईचें नांव आपण पुसतों, तर आपला असूड आपल्याच पाठीवर बसला पाहिजे.

आतां आजचें. १९७६ सालीं म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्याच सालीं वेठबिगार बंद करणारा कायदा देशाच्या संसदेनें केला. चित्राचा गौरव आणि चित्रांतल्या माणसाची सुटका एका सालांत कागदावर आलीं. गौरव लवकर पोंचला. सुटका अजून वाटेंत आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं स्वतंत्र झाला. पण पावसाळा सरला कीं पाड्यावरचीं कुटुंबें अजून वीटभट्टीवर जातात, आणि जातात तीं आधीं उचल घेऊन. उचल कशासाठीं? पुष्कळदां लग्नासाठींच. खातें बदललें, मालक बदलला; करार तोच राहिला.

वारली चित्रकलेला २०१४ सालीं भौगोलिक निर्देशनाची नोंदही मिळाली. म्हणजे या कलेचें नांव अधिकार नसतां कोणी वापरूं नये असा कायद्याचा आधार झाला. उत्तम झालें. पण ज्या भूमीवरून हें नांव पडलें तिचें काय? बुलेट ट्रेनचा मार्ग डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जातो. वाढवण बंदराची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं बसली. कोणतें काम असावें आणि कोणतें नसावें, याचा निकाल मी या व्याख्यानांत देत नाहीं. परंतु स्थानकाच्या भिंतीवर वारली माणूस रंगवावयाचा आणि रुळाखालच्या जमिनीचा दाम ठरवितांना त्याचें तोंड नाहीं असें धरून चालावयाचें, ही गोष्ट मात्र चालतां कामा नये. चित्रांत त्याला तोंड नाहीं, ग्रामसभेंत आहे.

विद्यार्थीमित्रांनो, तुम्हांस दोन-तीनच कामें सांगतों. सुटींत घरीं जाल तेव्हां आजीजवळ बसा आणि चौक कसा काढतात हें विचारा. तो वहींत उतरून घ्या आणि खालीं तिचें नांव लिहा. धवलेरीचीं गाणीं ऐकून ठेवा, कारण तीं जाणाऱ्या बाया दिवसेंदिवस कमी होत आहेत. स्वतःच्या लग्नांत चौक अवश्य काढा, तारपा वाजवा, धवलेरीला मान द्या. पण उचल घेऊन मांडव घालूं नका. चौकाला मूठभर तांदूळ लागतात. कर्ज लागत नाहीं. आणि कोणी शहरांतला गृहस्थ तुमचें चित्र हातीं घेऊन, किती निरागस आहे हो, असें म्हणाला, तर त्याच्याशीं भांडूं नका. त्याला जवळ बसवा, आणि लग्नगडी कोणाला म्हणत हें सांगा. मग तोच चित्राकडे दुसऱ्यांदा पाहील. पहिल्यांदा त्यानें नक्षी पाहिली होती. दुसऱ्यांदा त्याला माणूस दिसेल.



सत्यमेव जयते!